नाव घेऊन वार

“घ्या की जरा,” मी म्हटलं.

रेवा रांगत रांगत मामींच्या गुडघ्याशी पोचली होती. त्यांची साडी मुठीत धरून ती कशीबशी उभी राहिली, डुलली आणि तिनं दोन्ही हात वर केले. आठ महिन्यांच्या पोरीला याहून जास्त काय बोलता येणार? मामी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“हाताला वास हाय गं लसणीचा. जा बाळा, आईकडं जा.”

आदल्या दिवशी हात ओले होते. त्याच्या आदल्या दिवशी तिखटाचे होते. मी पिठाच्या हातांनीच रेवाला उचललं. ती माझ्या खांद्यावरून मामींकडे बघत राहिली आणि मामी लसणीकडे.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, विजयमाला. कोल्हापुरातल्या आमच्या घरात सासूला मामी म्हणायची पद्धत होती. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा मला सगळ्यात गंमत वाटली ती इथल्या बायकांच्या बोलण्याची. ‘मी जातो, मी करतो’ असं बोलायच्या. मामी तर अशा ठसक्यात बोलायच्या की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. रेवा झाल्यावर सव्वा महिना तिला अंघोळ त्यांनीच घातली. पाय पसरून पाटावर बसायच्या, पोरीला पायांवर पालथी घ्यायच्या आणि तेल असं चोळायच्या की मला बघवायचं नाही. मी दारात उभी राहून दहादा म्हणायचे, हळू, मामी, हळू. त्या हसायच्या. “काच न्हाई गं ही, हाड हाय.”

अशाच एका सकाळी त्यांनी रेवाला पुसून माझ्या हातात दिलं, बादली उचलून वळल्या आणि तेल-डाळीच्या पिठानं बुळबुळीत झालेल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण पडण्याच्या क्षणभर आधी रेवा त्यांच्या हातात होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघींनी ते कधीच उच्चारलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी रेवाला उचललं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही दिलं नाही. ‘घ्या की’ म्हणायचे, तेही त्या घेणार नाहीत हे माहीत असल्यावरच.

माझी रजा संपत आली होती. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते, तिथून फोन यायला लागले होते. माझा नवरा रणजित कारखान्यात पाळीवर. त्या संध्याकाळी मामींनीच विषय काढला.

“पाळणाघर बघितलंस का?”

“बघतेय. पण रेवा तुमच्याजवळ राहिली असती तर...”

“माझ्या भरवशावर ठेवू नको,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. मग लसणीची सालं सुपात गोळा करत पुढे म्हणाल्या, “उद्यापास्नं सकाळी मला तालमीत सोडशील काय?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“तालमीत?”

“मगदुमाची नूतन म्हाताऱ्यांस्नी शिकवतीया म्हणं. शैला जातीया, तिचा नवराबी जातोय. मला रस्त्यानं एकटीला जायचं भ्या वाटतंय, न्हाईतर तुला कशाला सांगितलं असतं?”

पडल्यापासून त्या भिंत धरून चालायच्या. आणि ही बाई लाठी फिरवणार? मी रणजितकडे बघितलं. तो हसत होता. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं मनगट, खुबा, इस्पितळ, सगळं ओळीनं येऊन गेलं.

तालीम पेठेतलीच, जुनी. आत तांबड्या मातीचा हौदा, तिथं पैलवान. मागं एक फरसबंद पटांगण होतं, तिथं नूतन मगदूम संध्याकाळी मुलींना मर्दानी खेळ शिकवायची. तिचे वडील वस्ताद होते, आता ती वस्ताद. चाळिशीची, काटक, केस घट्ट बांधलेले. सकाळचा हा म्हाताऱ्यांचा वर्ग तिनं नुकताच सुरू केला होता. मी रेवाला मांडीवर घेऊन पटांगणाच्या पायरीवर बसायचे. घरी जाऊन परत आणायला येता आलं असतं, पण मामींवरून नजर काढायची माझी तयारी नव्हती.

पहिल्या आठवड्यात नूतननं मुलींना देतात तोच पवित्रा सगळ्यांना दिला. एक पाय लांब पुढे, गुडघा खोल वाकवलेला, मागचा पाय ताठ. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आलीच नाहीत. आप्पा चौगुले आले ते शैलाकाकूंच्या, म्हणजे बायकोच्या, खांद्यावर हात टाकून.

“वस्ताद,” ते म्हणाले, “सकाळी संडासात बसलो ते तुझं नाव घेत घेत उठलो. देवाचंबी एवढं घेतलं न्हाई कधी.”

सगळे हसले. नूतन हसली नाही. तिनं लाठ्या भिंतीला लावल्या आणि म्हणाली, “आज मी शिकवत नाही. आज तुम्ही मला शिकवा. नुसते चाला, बसा, उठा, पायरी चढा, बादली उचला. घरात करता तसं.”

आणि ती सरळ फरशीवर पालथी झोपली. हनुवटी हातांवर टेकून त्यांचे पाय बघत राहिली. मोठमोठी माणसं तिच्या डोळ्यांसमोरून जात होती, धोतरं, साड्या, लेंगे, आणि ती मांजरासारखी पडून बघत होती. माझी बघण्याची खोड मला माहीत आहे. झोपलेल्या रेवाचा श्वास मी तासन्‌तास बघायचे. पण असं बघणं मी पाहिलं नव्हतं. मी काय बिघडेल ते शोधत बघायचे. ती काय शिल्लक आहे ते शोधत होती.

“कुणी पाय उचलतच नाही,” उठून धूळ झटकत ती म्हणाली. “सगळे सरकवताय. म्हणून फरशी पायाला धरते. आणि आप्पा, तुम्ही एकटेच वळताना डुलत नाही. का?”

“एसटीत कंडक्टर होतो की गं! गगनबावड्याचा घाट. दोन्ही हातात तिकिटं आणि पैसं. धरायचं कशाला?”

“कसं उभे राहायचा?”

आप्पा उभे राहून दाखवायला लागले. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित सैल, भार टाचेवर नाही आणि चवड्यावरही नाही, सगळ्या तळव्यावर. नूतन त्यांच्याभोवती फिरली, एकदम खांद्याला रेटून बघितलं. आप्पा हलले आणि परत होते तिथं आले.

“हाच आपला पवित्रा,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्या पटांगणात मुलींचा पवित्रा वेगळा आणि ‘कंडक्टरचा’ वेगळा. आप्पा छाती काढून फिरायला लागले. शैलाकाकू म्हणायच्या, “चाळीस वर्षं घरात एक काम धड न्हाई केलं, आणि हितं पवित्रा झालाय म्हणं ह्यांचा.”

तिनं एकेक गोष्ट अशीच बदलली. लाठी अर्धी केली. आधी तिसऱ्या पायासारखी टेकवून चालायचं, मग बोटभर उचलून चालायचं, मग नुसतीच हातात धरून. कापसाच्या गाद्या आणून पडायला शिकवलं. त्याच्याही आधी उठायला शिकवलं, कारण पडल्यावर आपल्याला उठता येणार नाही ही भीतीच माणसाला पाडते असं तिचं म्हणणं होतं. आणि दोन नियम केले. फरशीवर चुन्यानं एक मोठं रिंगण आखलं. रिंगणाच्या आत नातं नाही, वय नाही, आप्पा-काका-वहिनी नाही, फक्त नाव. आणि वार करण्याआधी समोरच्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यालाही कळेल, शरीर तयार होईल.

पहिल्या दिवशी शैलाकाकू रिंगणात नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पदर तोंडाला लावून हसून हसून बेजार झाल्या. जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते उखाण्यातच. शेवटी डोळे मिटून ओरडल्या, “दिनकर!” आणि आप्पांच्या फरीवर दांडका हाणला. फरी म्हणजे कातड्याची ताटाएवढी गोल ढाल, आणि गदगा म्हणजे कातडं गुंडाळलेला दांडका. आप्पा म्हणाले, “आणखी एकदा म्हण गं. बरं वाटतंय कानाला.”

मामींचं मात्र मला काही कळत नव्हतं. नूतननं त्यांना गदगा दिलाच नाही, नुसती फरी दिली, तीही उजव्या हातात. डावा हात त्या कंबरेशी धरायच्या, कोपरातून वळवलेला, पंजा आत. मोडलेला हात, म्हणून जपत असतील असं मी धरून चालले. आप्पा चिडवायचे, “विजयमाला, नुसता मार खायाला येतीस व्हय?” मामी म्हणायच्या, “तुझ्यासारख्याचा खायाला काय लागतंय? फुलं टाकतोस जणू.”

ते खरं होतं. मी पायरीवरून बघायचे, सगळेच तसं करायचे. नाव ठणकावून घ्यायचे, गदगा जोरात उचलायचे आणि फरीजवळ आला की हात आखडायचा. समोरच्या माणसाचं वय आठवायचं. मामींच्या बाबतीत तर जास्तच. त्या पडल्या होत्या हे पेठेत सगळ्यांना ठाऊक. मला ते बरं वाटायचं. चांगली माणसं आहेत, सांभाळून घेतात, असं वाटायचं.

महिना गेला. मामी भिंत सोडून चालायला लागल्या. स्वयंपाकघरात पाट ओलांडताना पाय उचलायला लागल्या. पण रेवानं हात वर केले की त्यांचे हात अजूनही पदराखाली जायचे. मी पाळणाघर ठरवलं. सोमवारपासून. तिथल्या बाई चांगल्या होत्या, खोली स्वच्छ होती, आणि मला झोप लागत नव्हती. शुक्रवारी जेवताना मी सांगितलं तेव्हा मामींनी फक्त मान हलवली आणि ताट अर्धं ठेवून उठल्या.

शनिवारी सकाळी पटांगणात ऊन आलं होतं. मामी रिंगणात उभ्या होत्या. आप्पांनी वार केला, मग आणखी दोघांनी. मामी एकदम फरी खाली टाकून म्हणाल्या, “नूतन, ह्यांच्यानं व्हायचं न्हाई.”

नूतननं सगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “शलाका, इकडं ये. पोरीला शैलाकाकूंकडं दे.”

“मी?”

“हातात ताकद आहे, डोळा तिखट आहे. रोज बघतेस, तुला सगळं पाठ झालंय. चप्पल काढ.”

“मला कधी...”

“जा गं,” शैलाकाकू म्हणाल्या आणि त्यांनी रेवाला घेतलंसुद्धा. “सासूवर दांडका उचलायची संधी कुणाला मिळतीया? माझी सासू असती तर मी पैसं भरून आलो असतो.”

पटांगण हसलं. माझा चेहरा तापला. मी रिंगणात गेले. गदगा वाटला होता त्यापेक्षा जड होता. समोर मामी, पदर खोचलेला, गुडघे सैल, उजव्या हातात फरी, डावा हात कंबरेशी. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि घरात बघतात तशा बघत नव्हत्या.

“नाव घे,” नूतन म्हणाली.

“मामी...”

“हितं मामी न्हाई कोण!” आप्पा खुर्चीवरून ओरडले.

मी गदगा उचलला. तोंडातल्या तोंडात नाव घेतलं असेन, नसेनही. हात खाली आणला, फरी जवळ आली, त्यामागं त्यांचा चेहरा, कपाळावरचं गोंदण, आणि माझा हात वीतभर अलीकडे आपोआप थांबला.

मामी पुढे झोकांडल्या. जणू दार ढकलायला गेल्या आणि दार उघडंच निघालं. उजवा पाय सुटला, गुडघा फरशीवर आपटणार तोच नूतननं त्यांना कमरेतून धरलं.

“मामी!” मी किंचाळले. गदगा टाकून मी धावले. “बघा, मी म्हणत होते! मी पहिल्यापासून म्हणत होते! लागलं असतं आत्ता...”

“थांबवलास कशाला?” नूतन म्हणाली.

“त्यांना लागलं असतं!”

“फरीवर लागायलाच पाहिजे. नाव घेतलंस, हात उचललास, ती तुझा वार झेलायला पुढं भार टाकून उभी राहिली. आणि तू वार काढून घेतलास. पायरी चढणाऱ्याच्या पायाखालची पायरी काढून घ्यावी तसं झालं.” मग ती बाकीच्यांकडे वळली. “तुम्हीबी सगळे हेच करताय महिनाभर. मला वाटलं जमेल हळूहळू. माझंच चुकलं. ह्याच्यानं ती पडेल, मारानं नाही.”

आप्पांनी मान खाली घातली.

मामी सरळ झाल्या. पदर नीट केला. ओरडतील असं वाटलं, पण हळू बोलल्या.

“घरातबी तेच करतायसा. तांब्या उचलला की हातातनं काढून घेतायसा. पायरी आली की दंड धरतायसा. रणजित तर माझ्या हातात पिशवीबी ठेवत न्हाई. सगळ्यांची माया हाय, मला कळतंय. पण मला खरं वजन कुणी देतच न्हाई गं. मग मी उभी हाय का पडलीया, मला तरी कसं कळायचं?”

मी खाली वाकून गदगा उचलला.

“नाव,” नूतन म्हणाली.

सासूचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. अर्जावर लिहिलं होतं, बँकेत सांगितलं होतं, पण त्यांच्या तोंडासमोर, मोठ्यानं, नाही.

“विजयमाला!”

आवाज माझा मलाच परका वाटला. पेठेतल्या भिंतींवर आपटून तो परत आला. मी गदगा खाली आणला आणि या वेळी हाताला अडवलं नाही. कातड्याचा कातड्यावर थाडकन आवाज झाला. माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. मामींचे गुडघे किंचित खाली गेले, फुंकर मारल्यासारखा त्यांनी श्वास सोडला, आणि त्या होत्या तिथंच होत्या.

“हां,” त्या म्हणाल्या. “हा आला.”

“आणखी?”

“आणखी.”

मी मारलं. उजवीकडून, डावीकडून, वरून. प्रत्येक वेळी नाव घेतलं. चार-सहा वारांनंतर मला एक गोष्ट दिसली, जी पायरीवरून महिनाभर दिसली नव्हती. मी डावीकडून वार केला की त्या फरी पुढे आणताना सगळं अंग वळवत होत्या, डावी कूस मागे घेत होत्या. वळवलेल्या डाव्या हाताला काही लागू नये अशा. पण मनगट तर खाली, कंबरेशी होतं. तिथं काही नव्हतं.

“डावा हात दुखतोय का अजून?” मी धापा टाकत विचारलं. “तो असा का धरलाय?”

मामींनी नूतनकडे बघितलं. नूतन म्हणाली, “सांगू?”

“सांग आता. झालं की.”

“पहिल्या दिवशी आली तेव्हा म्हणाली, मला मारायला शिकवू नको. पोर कडेवर असताना धक्का बसला, पाय सरकला, तर उभं कसं राहायचं तेवढं शिकव. म्हणून गदगा दिला नाही. डावा हात रिकामा नाही तिचा. एवढा महिना रेवाला घेऊनच उभी आहे ती.”

मी त्या हाताकडे बघितलं. कोपराचा वळसा, आत वळलेला पंजा, किंचित वर काढलेली कंबर. पोरं पाळण्यापेक्षा जिथं जास्त वाढतात ती जागा. मी रोज रेवाला तिथंच धरायचे, आणि ते मला ओळखू आलं नव्हतं.

“आण तिला,” मामी म्हणाल्या.

मी शैलाकाकूंकडून रेवाला घेतलं. रिंगणापर्यंतचं अंतर ते केवढं! रेवानं मामींना बघितल्याबरोबर सवयीनं हात वर केले. मामींनी फरी खाली ठेवली, एक लांब श्वास घेतला आणि हात पुढे केले. मी तिला दिलं. द्यायला किती वेळ लागला हे सांगता येणार नाही, कारण माझ्या हातांनी आधी सोडलंच नाही. मामींनी तिला घेतलं तरी माझी बोटं तिच्या झबल्यात होती. मग बोटं निघाली. रेवा मामींच्या कंबरेच्या त्या वळशात जाऊन बसली. लगेच मंगळसूत्र तोंडात घातलं.

मला वाटलं झालं. डोळे पुसावेत आणि घरी जावं.

“आता धक्का दे,” मामी म्हणाल्या.

“काय?”

“धक्का दे मला. खांद्याला.”

“मामी, रेवा आहे!”

“हाय म्हणूनच. रस्त्यात कोण विचारून धक्का देतंय? आज तू दिलास तर मला कळंल. तुलाबी कळंल. न्हाईतर सोमवारी तिला पाळणाघरात सोड, आणि मी घरात भिंत धरून बसतो.”

नूतन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, गाद्या सरकवून. दोन्ही हात मोकळे ठेवून, पण न लावता. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. आप्पा उठून उभे राहिले होते.

मी पुढे झाले. रेवा माझ्याकडे बघून हसली; तिला वाटलं खेळ आहे. मी मामींच्या खांद्याला तळवा टेकवला आणि जरासं दाबलं.

“मी काय मूर्ती हाय व्हय, हात लावून पाया पडायला?” मामी म्हणाल्या. “वार काढून घेऊ नको, शलाका.”

वार काढून घेतला की माणूस पडतो. हे मी दहा मिनिटांपूर्वी डोळ्यांनी बघितलं होतं. माझी सगळी माया, सगळी काळजी, झोपेतले ते श्वास मोजणं, सगळं त्या तळव्यात येऊन थांबलं होतं, आणि हात मागे ओढत होतं.

“विजयमाला!” मी ओरडले आणि ढकललं.

खरं ढकललं. त्यांचा खांदा मागे गेला, रेवाची मान हलली. मामींचा डावा पाय उचलला गेला, सरकला नाही, उचलला, मागे जाऊन सबंध तळव्यानं टेकला. गुडघे खाली. श्वास बाहेर. कूस मागे वळलेली, रेवा त्यांच्या अंगामागे झाकलेली. आणि मग त्या थांबल्या. घाटातल्या वळणावरून गाडी सरळ व्हावी तशा हळूच सरळ झाल्या. नूतनचे हात त्यांच्या पाठीपासून वीतभर दूरच होते.

रेवाला उचकी लागली आणि ती खदखदून हसली. तिला पुन्हा हवं होतं.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात घेतली, आणि काय करायचं न कळून परत घातली. नूतननं पुढे येऊन, रिंगणाच्या आत असूनही, वाकून मामींच्या पायांना हात लावला. तिचा नियम तिनंच मोडला आणि कुणी तिला अडवलं नाही.

रेवा आता नववीत आहे. संध्याकाळच्या वर्गात लाठी फिरवते. आजही ती रस्ता ओलांडताना दिसली की पलीकडे पोचेपर्यंत मी तिची पावलं मोजते. ती खोड काही गेली नाही, जाईल असंही वाटत नाही. पण त्या दिवसानंतर मी कुणाच्या हातातलं ओझं न विचारता काढून घेतलेलं नाही.

त्या सकाळी रिंगणात मात्र मी सवयीनं हात पुढे केले होते, रेवाला परत घ्यायला.

“ऱ्हाऊ दे,” मामी म्हणाल्या. त्यांनी तिला कडेवर जरा वर सरकवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी आलं. आश्चर्य. शेवटचं घेतलं तेव्हा ती सव्वा महिन्याची होती.

“केवढी जड झालीया गं! किती वजन झालं हिचं?”

दर रविवारी मी तिचं वजन करत होते. आठ किलो आणि वर साठ ग्रॅम, मला ग्रॅमपर्यंत माहीत होतं.

“तुम्हीच सांगा,” मी म्हटलं.

मामींनी डोळे मिटले. रेवाला एकदा हलकेच झेललं, पुन्हा कंबरेवर बसवलं, धान्य मापणाऱ्यासारखा मनाशी अंदाज घेतला.

“दोन पायल्या जोंधळा,” त्या म्हणाल्या. “वर एक मूठ.”